श्रोत्यांची संख्या: एक

हृदयाला चार कप्पे असतात हे वेलांटीसाहेबांना शाळेपासून माहीत होतं. तरीसुद्धा आठवीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘हृदयाला चार बाद असतात’ असं छापून जायची वेळ आली, आणि तीही त्यांच्याच हातच्या दुरुस्तीमुळे.

वेलांटीसाहेब मुद्रितशोधक होते. छापखान्याची प्रुफं, हल्ली घरी बसून, तपासायची, ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करायचं, आणि शुद्ध लिहिणारा माणूस जगात आता एकच उरला आहे हे दुःख एकट्यानं सोसायचं, असा त्यांचा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यांचं खरं नाव छापखान्यात कोणी घेत नसे. स्वतःच्या लग्नाच्या पाचशेच्या पाचशे पत्रिकांवरची एक वेलांटी त्यांनी वाटपाआधी पेननं सुधारली होती. त्या दिवसापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या दुपारी प्रुफात ‘कप्पे’चं ‘कपे’ झालं होतं. साहेबांनी शब्द खोडला, समासात बरोबर शब्द लिहायला पेन टेकवलं, आणि नेमका त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवरचा समालोचक ओरडला, ‘चार बाद’. शब्द कानातून थेट हातात उतरला. वाटेत मेंदू लागतो, तिथे त्यानं थांबा घेतला नाही.

“साहेब,” छापखान्याचे मॅनेजर दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, “चार बाद झाल्यावर पेशंट पुढे खेळतो का?”

एकवीस वर्षांत असा प्रश्न साहेबांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी फोन ठेवला, दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या आपल्या सासऱ्यांकडे पाहिलं. अप्पा आरामखुर्चीत बसून कालचाच सामना पुन्हा पाहत होते. टीव्हीच्या आवाजाचा आकडा त्रेसष्टवर होता.

सासूबाई गेल्यावर, चार महिन्यांपूर्वी, अप्पा आपल्या थोरल्या मुलीकडे, म्हणजे साहेबांकडे राहायला आले होते. माणूस निर्मळ. जेवणाखाण्याची कटकट नाही, कपडे स्वतः धुणार, स्वतः वाळत घालणार. फक्त आवाज. अप्पांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली होती. खटल्याची वेळ झाली की न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकारांना नावानं हाक मारायची, हे त्यांचं काम. त्यांची हाक ऐकून रस्त्यापलीकडच्या न्हाव्याकडे बसलेला पक्षकार अर्धी दाढी घेऊन धावत आला होता, असं ते सांगत. साहेबांना पूर्वी ही अतिशयोक्ती वाटायची. आता वाटत नव्हती.

“त्यांना कानाचं यंत्र घालायला सांगून बघा,” बायको म्हणाली. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. सकाळी आठला जायची, संध्याकाळी सहाला यायची. म्हणजे त्रेसष्ट आकड्याचा मोठा वाटा नवऱ्याच्या पदरात पडत होता.

यंत्र टेबलाच्या खणात होतं. “ते घातलं की मला माझंच चावणं ऐकू येतं,” अप्पा म्हणाले. “जेवताना वाटतं, शेजारी घोडा बसलाय.”

मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला. सेक्रेटरी म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य. समोरच्या माणसाला तोंड मिटता येत नाही अशा अवस्थेत त्याच्याशी बोलायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती, त्यामुळे उत्तराची वाट ते कधीच पाहत नसत. “हेडफोन घ्या,” ते जिन्यात म्हणाले. “वायरवाला घ्या. बिनतारी नको. म्हाताऱ्या माणसाची सुटी वस्तू गादीत हरवते. माझ्या एका पेशंटची कवळी तीनदा धोब्याकडून परत आली.”

साहेबांनी वायरवाला हेडफोन आणला. मोठा, काळा, कानावर उशीसारखा बसणारा. टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मागे डोकावले. मागे अकरा भोकं होती. हेडफोनची पिन त्यातल्या एकाही भोकात जात नव्हती. एका चौकोनी भोकातून तेवढा लाल उजेड येत होता.

“त्यातूनच आवाज निघतो,” इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार म्हणाला. “म्हणजे आवाज नाही निघत साहेब, उजेडावर बसून आवाजाचे आकडे निघतात. हल्लीचे टीव्ही आकडे देतात. त्या आकड्यांचा परत आवाज करायला ही डबी लागते. आणि तो आवाज मोठ्या हेडफोनला पुरावा म्हणून आतच अ‍ॅम्प्लिफायर आहे.”

डबी दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढी होती. एका बाजूला फिरवायचं बटण, एका बाजूला बारीक दिवा.

“म्हणजे एक दुभाषी आणि एक पहिलवान एकाच खोलीत राहतात,” साहेब म्हणाले.

“घरी नेऊन वापरा, खिशात घालून फिरा, चार्ज करा. त्रास काही नाही,” दुकानदार म्हणाला. ‘त्रास काही नाही’ हे शब्द साहेबांनी तिथल्या तिथे खोडायला हवे होते. पण माणूस दुकानात असला की गाफील असतो.

घात पावतीनं केला. दुकानदार मातृभाषेचा अभिमानी निघाला. त्यानं पावतीवर ‘ध्वनिवर्धक यंत्र, नग १’ असं ठळक लिहून ती खोक्यावर चिकटवली, आणि ते खोकं घेऊन साहेब जिना चढत असताना सेक्रेटरी जिना उतरत होते.

“ध्वनिवर्धक?” सेक्रेटरी थांबले. “नियम चौदा. इमारतीत कोणताही ध्वनिवर्धक वॉर्ड ऑफिसच्या परवान्याशिवाय लावता येणार नाही.”

“अहो, हे कानात ऐकायचं आहे.”

“नियमात कानाचा उल्लेख नाही.”

नियमावलीत काय आहे हे साहेबांना सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती पुस्तिका त्यांनीच हौसेनं तपासून दिली होती. मूळ मसुद्यात ‘लाउडस्पीकर’ असा साधा शब्द होता. तो परका म्हणून खोडून त्या जागी ‘कोणताही ध्वनिवर्धक’ हे शब्द त्यांनीच घातले होते, आणि वर सेक्रेटरींना भाषाशुद्धीवर वीस मिनिटं ऐकवलं होतं. आपल्याच पेनानं आपलाच गळा कापला गेल्यावर माणूस कोणाकडे दाद मागणार? साहेब वॉर्ड ऑफिसात गेले.

परवान्याच्या खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी फॉर्म दिला. फॉर्मवर ‘परवानगि’ असं छापलं होतं. साहेबांचा हात आपसूक गेला आणि वेलांटी दीर्घ झाली.

“खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही,” बाई म्हणाल्या. “दुसरा घ्या.”

दुसरा फॉर्म साहेबांनी डावा हात उजव्या हातावर दाबून भरला.

“कार्यक्रम कसला?” बाईंनी विचारलं.

“बातम्या. मालिका. कधीकधी सामना.”

“प्रमुख वक्ते?”

“टीव्ही.”

“श्रोत्यांची संख्या?”

“एक.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “अंदाजे एक की नक्की एक?”

“नक्की. सासरे आहेत माझे.”

“कर्ण्यांची तोंडं कोणत्या दिशेला?”

“एकाचं उजव्या कानाकडे, एकाचं डाव्या.”

“तसं लिहिता येत नाही. दिशा लिहावी लागते. सासरे बसतात कुठे तोंड करून?”

“उत्तरेला.”

“मग पूर्व-पश्चिम,” बाईंनी स्वतःच लिहून टाकलं. त्या कामाला चोख होत्या, यात वादच नाही. “आमचे साहेब येऊन सही करतील तेव्हा परवाना पोस्टानं येईल. तोपर्यंत ही पोच जवळ ठेवा. कोणी हटकलं तर दाखवायची.”

पोच खिशात घालून साहेब घरी आले आणि जोडणीला बसले. उजेड वाहणारी वायर टीव्हीत घातली, दुसरं टोक डबीत घातलं, डबीत हेडफोन घातला, हेडफोन अप्पांच्या डोक्यावर घातला. अप्पा शांतपणे पुढे बघत राहिले.

“ऐकू येतंय का?”

“फार छान आहे,” अप्पा म्हणाले. “काही म्हणजे काही ऐकू येत नाही.”

दोन तास गेले. दुकानदाराला सहा फोन झाले. टीव्ही आकडे भलत्याच लिपीत पाठवत होता आणि डबीतल्या दुभाष्याला ती लिपी येत नव्हती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून साधी लिपी निवडावी लागली. ती निवडली तेव्हा डबीचं बटण टोकापर्यंत फिरवलेलं होतं. अप्पा खुर्चीतून वीतभर उडाले आणि खाली येता येता म्हणाले, “आलं.” त्यानंतर टीव्हीचा स्वतःचा आवाजही चालूच असल्याचं लक्षात आलं. म्हणजे आता एकाच घरात एकच बातमी दोनदा सांगितली जात होती. तेही सेटिंग सापडलं. आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घरात शांतता पसरली.

साहेब टेबलाशी जाऊन बसले. पंख्याची घरघर ऐकू आली. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एक अनुस्वार मनासारखा सापडला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

शांतता सात मिनिटं टिकली.

“खोटं बोलतोय हा,” बाहेरच्या खोलीतून पुकारा झाला.

कान झाकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, हे साहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. टीव्ही त्रेसष्टवर असताना अप्पा त्याच्याशी बोलतच असणार, पण ते त्या गदारोळात बुडून जात असे. आता टीव्ही मुका झाला होता आणि अप्पांचे एकट्याचे संवाद तीन मजल्यांना ऐकू जात होते. अर्थमंत्र्यांना ते म्हणाले, “तारीख पे तारीख देऊ नका, आकडा सांगा.” पंचाला म्हणाले, “चष्मा लाव.” हवामानखात्याच्या मुलीला मात्र म्हणाले, “बरोबर आहे बाळ तुझं.”

चौथ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी कमिटीच्या दोन सभासदांना घेऊन दारात आले. साहेबांनी पोच दाखवली. “तो विषय नाही,” सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. “या घरातून एका वयस्कर माणसाचा आवाज येतो. तो सतत कोणालातरी खोटारडा म्हणतो. आम्हाला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.”

साहेबांच्या एका हातात पोच होती, दुसऱ्या हातात अप्पांसाठी केलेल्या चहाचा कप. ते “या ना” म्हणणार, तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला. त्यांच्या मालिकेत त्या वेळी रंगात आलेला प्रसंग चालू होता.

“तो चहा पिऊ नका,” अप्पा पडद्यावरच्या म्हाताऱ्याला सांगत होते. “जावयानं विष कालवलंय त्यात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

तिघांच्याही नजरा कपावर स्थिरावल्या.

साहेबांनी समजावून सांगितलं. टीव्हीकडे बोट दाखवलं. शेवटी त्यांच्यासमोर तो चहा स्वतः प्यायले. चहात साखर नव्हती, कारण अप्पांना चालत नसे. “काही लागलं तर आम्ही खालीच आहोत,” सेक्रेटरी जाताना अप्पांच्या दिशेनं म्हणाले. साहेबांच्या दिशेनं काही म्हणाले नाहीत.

दार लागलं. एकवीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या लिहिण्यातलं एक टिंबही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला त्या दिवशी समास राहिला नाही. अप्पा पाठमोरे बसले होते, कानावर हेडफोन होता. त्या पाठीला उद्देशून साहेब म्हणाले, “जन्मभर दुसऱ्यांच्या नावानं ओरडलात, आता माझ्या नावानं ओरडा. एकटे होतात तेच बरं होतं. तुम्हालाही आणि आम्हालाही.”

अप्पांनी सावकाश हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली. डबीचा दिवा विझलेला होता.

“याची बॅटरी मघाशीच संपली, जावईबुवा,” ते म्हणाले. आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की साहेबांना पुढे वाकून ऐकावं लागलं. “बरोबर आहे तुमचं. शनिवारी मी धाकटीकडे जातो.”

संध्याकाळी बायको आली. तिनं अप्पांची बाहेर काढलेली बॅग पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मी यात पडणार नाही. लिहिलंत तुम्ही, खोडायचंही तुम्हीच.”

साहेबांनी दुसऱ्या दिवशी माफीचा मजकूर तयार केला. पहिल्या खर्ड्यात ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा आला म्हणून तो फाडला. दुसरा फार औपचारिक वाटला. तिसरा पाठ करून ते अप्पांसमोर उभे राहिले. अप्पांनी त्यांना येताना पाहिलं आणि हेडफोन कानावर चढवला. डबी चालूसुद्धा केलेली नव्हती. बंद दारासमोर माणूस किती वेळ उभा राहणार? साहेब चप्पल घालून निघाले ते थेट दुकानात.

“डबी बिघडली?” दुकानदारानं विचारलं.

“डबी ठीक आहे. एकाच भोकात दोन हेडफोन लावायचे तर काय लागतं?”

बोटभर लांबीची एक वायर लागत होती. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं. “एरवी दोघांत आवाज कमी पडतो,” दुकानदार म्हणाला, “पण तुमच्या डबीत दम आहे. दोघांना पुरून उरेल.”

ती वायर आणि आणखी एक हेडफोन घेऊन साहेब घरी आले आणि स्टूल ओढून आरामखुर्चीच्या शेजारी बसले. विचारलं काहीच नाही. नवी वायर घातली, आपला हेडफोन लावला, डबी चालू केली. अप्पांनी बाजूला पाहिलं नाही. बातम्या चालू होत्या. कोणीतरी एका पुलाचं उद्घाटन करत होतं आणि तो वर्षभरात पूर्ण होईल असं सांगत होतं. साहेबांना आवाजाचं आश्चर्य वाटलं. वार्ताहराच्या मागून जाणारी सायकल ऐकू येत होती, फीत कापणाऱ्या कात्रीचा आवाज येत होता. त्रेसष्टवर यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

“पूर्ण व्हायच्या आधी उद्घाटन कसं?” अप्पा नाइलाजानं म्हणाले. सवय हो.

“आणि ‘उद्घाटन’चं ‘उद्धाटन’ करून ठेवलंय,” साहेब म्हणाले. “खाली पट्टीवर बघा.”

अप्पांनी पट्टी पाहिली. मग जावयाकडे पाहिलं. “त्याला पुकारा,” ते म्हणाले. दोघांनी मिळून त्या वृत्तवाहिनीला जे सुनावलं, ते खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू गेलं असणार.

जाहिराती लागल्या तेव्हा अप्पांनी हेडफोन मानेवर उतरवला. साहेबांनीही उतरवला. पाठ केलेला मजकूर ऐनवेळी आठवला नाही. “अप्पा, मी फार वाईट बोललो,” एवढंच आलं. चौथा खर्डा म्हणावा असाही तो नव्हता.

अप्पांनी डबीचं बटण फिरवून आवाज बंद केला. “मला कमी ऐकू येतं, पण इतकं कमी नाही,” ते म्हणाले. “घरी टीव्ही मोठा लावायचो तो तुमच्या सासूबाईंसाठी. ती आत कामात असायची. तिला आतून सगळं ऐकू जायला हवं. मी इथून एक बोलायचो, ती तिथून दोन बोलायची. पस्तीस वर्षं एकही बातमी आम्ही गप्प बसून ऐकली नाही. आता आतून कोणी बोलत नाही. म्हणून मी आवाज वाढवत जातो. कुठल्यातरी आकड्यावर उत्तर येईल, असं वाटत असावं.”

साहेबांना सहानुभूतीचे चौदा शब्द शुद्ध लिहिता येत होते, पण त्यातला एकही या कामाचा नव्हता. त्यांना आठवलं ते भलतंच. ते उठले, आतून एक गठ्ठा घेऊन आले आणि अप्पांच्या मांडीवर ठेवला.

“हे काय?”

“मधमाश्या पाळण्याची पुस्तिका. ही लेखकाच्या हातची मूळ प्रत. छापलेलं प्रूफ माझ्याकडे आहे. पूर्वी छापखान्यात एक वाचणारा माणूस असायचा. तो मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि तपासणारा प्रुफावर बोट ठेवून ऐकायचा. नऊ वर्षांपूर्वी ती जागा बंद केली. तेव्हापासून मी घरी एकटाच बघतो. एकट्या डोळ्यांना शब्द दिसतात, पण अख्खी ओळ गळली तर कळत नाही.”

“मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं?”

“तुमच्या हिशोबानं.”

अप्पांनी चष्मा लावला. घसा साफ केला. खुर्चीतून उठून उभे राहिले, कारण बसून पुकारा करणं त्यांना माहीत नव्हतं. “राणीमाशी,” त्यांनी हाक मारली, आणि पोळ्यातली खरीखुरी राणीमाशी असती तर निमूट हजर झाली असती. “पोळ्यात एकच असते. पूर्णविराम.”

तिसऱ्या पानावर साहेबांनी हात वर केला. प्रुफात एक ओळ नव्हती. धूर देताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, ही नेमकी तीच ओळ. गेल्या नऊ वर्षांत अशा किती ओळी आपल्या नजरेखालून गेल्या असतील, या विचारानं साहेबांना घाम फुटला. त्यांनी ती ओळ समासात उतरवून घेतली आणि अप्पांना पुढे वाचायची खूण केली.

सेक्रेटरी वर आले तेव्हा सातवं पान चालू होतं. ते दारात उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबले. “माझ्या गॅलरीत एक पोळं आहे,” शेवटी ते म्हणाले. “ते हलवायचं कधी म्हणालात?”

“पान अकरावर आहे,” अप्पा म्हणाले. “बसा. नंबर आला की पुकारतो.”

बायको सहाला घरी आली तेव्हा जिन्यापासूनच तिला मधमाश्यांच्या पायांची रचना कळत गेली. आत आली तर टेबलावर दोन चष्मे होते, आणि डबी चार्जिंगला लावलेली होती. अप्पांचा फोन वाजत होता आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तिनं तो उचलून वडिलांच्या हातात दिला. धाकटी बोलत होती. अप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“नाही गं, शनिवारी जमायचं नाही,” ते म्हणाले. “आम्ही अजून पान चौदावर आहोत. आणि सात वाजता बातम्या असतात आमच्या.”